कोयता दोघांचा, हिशेब एकाचा

दसरा उलटला की मांजरसुंब्याच्या चौकातली रहदारी बदलते. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता या चौकात एकमेकांना छेदतात. एरवी गाड्या थांबतात त्या रबडीसाठी, नाहीतर जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी. दिवाळीच्या आगेमागे मात्र ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांत भांडीकुंडी, पत्रे, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली बायामाणसं, पोरंबाळं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही कुटुंबं अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघालेली असतात. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला अशी काही लाख माणसं बाहेर पडतात.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत रचायची, ही सगळी कामं दोघं मिळून करतात. पहाटे उठून भाकरी थापणं, पाणी आणणं आणि रात्री कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतल्यावर पुन्हा चूल पेटवणं हे बाईचं वेगळं. पण हंगामाआधी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो तेव्हा ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि वहीत नावही त्याचंच लागतं.

या वहीतला हिशेब जरा उघडून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका कोयत्याने एक लाखाची उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, एकही दिवस आजारपण आलं नाही, पाऊस झाला नाही, गाडी अडकली नाही, तरी १३७ दिवस जातात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो. म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम घरातून निघण्याआधीच विकला गेलेला असतो. आणि या एक लाखातले पन्नास हजार बाईच्या कष्टाचे असतात. ते कुठल्याही कागदावर तिच्या नावाने लिहिलेले नसतात.

घरातला पैसा बायका कसा हाताळतात आणि पुरुष कसा हाताळतात, याविषयी खूप बोललं जातं. बाई काटकसरी, पुरुष खर्चिक. बाई घाबरट, पुरुष धाडसी. बाईला व्यवहारातलं कळत नाही, पुरुषाला कळतं. बीडच्या डोंगरपट्ट्यात पाहिलं तर हा फरक स्वभावातून आलेला वाटत नाही. कमाई कुणाच्या नावावर, जमीन कुणाच्या नावावर, फोन कुणाच्या खिशात आणि कर्ज कुणाच्या अंगठ्यावर, या चार गोष्टींनी तो घडवलेला आहे.

खाड्याची किंमत

फडात एक दिवस काम चुकलं की त्याला खाडा म्हणतात. खाड्याबद्दल पाचशे रुपयांपर्यंत कापून घेतले जातात, असं ऊसतोड कामगारांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पाचशे रुपये म्हणजे दोघांनी मिळून जवळपास दीड टन ऊस तोडल्याची मजुरी. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणाच्या आधी-नंतर, पोट दुखत असताना बाई फडात उभी राहते, कारण तिच्या न येण्याचा भुर्दंड सगळ्या कोयत्याला बसतो.

या हिशेबाने कुठवर मजल मारली, ते २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्यावर विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. यात वैद्यकीय नफेखोरी होती, आरोग्याबद्दलची अनास्था होती, फडावर शौचालय आणि पाणी नसणं होतं. पण त्याबरोबर पैशाचा एक साधा प्रश्नही होता. जिच्या कामाचा मोबदला वेगळा मोजला जात नाही, तिच्या विश्रांतीची किंमत मात्र अगदी वेगळी काढून कापली जात होती.

फडात बाईच्या हातात थेट पडणारा पैसा अगदी थोडा. उसाची वाढी जनावरांच्या चाऱ्यासाठी विकली जातात आणि त्या सुट्या पैशांवर कोपीतला तेल-मीठ-मिरचीचा, पोरांच्या खाऊचा आणि औषधाच्या गोळ्यांचा बाजार भागतो. मोठी रक्कम त्याच्या वहीत आणि चिल्लर तिच्या कनवटीला, अशी ही विभागणी असते. घरातले आर्थिक निर्णयही याच रेषेवर वाटले जातात. बोअर पाडायचा, घर बांधायचं, लेकीचं लग्न उरकायचं हे त्याने ठरवायचं. रोजचं कसं निभवायचं हे तिने.

खातं आलं, पुढे काय

सरकारी आकड्यांत पाहिलं तर गेल्या दहा-बारा वर्षांत मोठी मजल मारली गेली आहे. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतात शंभरातल्या ४४ पुरुषांचं बँकेत खातं होतं आणि फक्त २६ बायकांचं. २०२१ मध्ये दोघांचंही प्रमाण ७८ वर आलं. दहा वर्षांत अठरा टक्क्यांची दरी बुजली. याचं मोठं श्रेय २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेला जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये जनधन खाती ५३ कोटींवर गेली होती आणि त्यांतली ५५ टक्क्यांहून अधिक बायकांची होती.

महाराष्ट्राचं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. २०१५-१६ मध्ये राज्यातल्या ४५.३ टक्के बायकांकडे स्वतः वापरत असलेलं बँक खातं होतं. पुढच्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ७२.८ टक्के झालं. मात्र याच पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका होत्या ५४.८ टक्के. देशपातळीवर विचारलेल्या आणखी एका प्रश्नाचं उत्तर तर फारच बोलकं आहे. स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा हाताशी आहे, असं जेमतेम निम्म्या बायकांनीच सांगितलं.

म्हणजे खातं आहे, पण त्याचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर जातो. एटीएम कार्ड घरात आहे, पण पिन दुसऱ्याला ठाऊक. पासबुकावर शेवटची नोंद कधी झाली हे तिला माहीत नाही. जागतिक बँकेच्या त्याच २०२१ च्या पाहणीत भारतातल्या खातेदारांत सुमारे तीनातली एक व्यक्ती अशी निघाली, की खातं आहे पण वर्षभरात त्यात ना पैसा भरला ना काढला. अशी झोपलेली खाती पुरुषांपेक्षा बायकांची जास्त होती.

बँकेत जायचं म्हटलं तर वेळ कुठे असतो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असं दिसलं. वाडीवस्तीवरच्या बाईला शाखेत जायचं तर गाडीभाडं आणि एका दिवसाची मजुरी दोन्ही जातात. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर थम लावून पैसे निघतात, ही सोय म्हणूनच मोलाची आहे. पण कोयता, खुरपं आणि शेणामातीने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा नाकारतं. मग पुन्हा उद्या या.

डब्यातले पैसे

बायका लपवून पैसे ठेवतात, याचा घराघरात विनोद होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या पाचशे-हजाराच्या नोटा अचानक नवऱ्यापुढे मांडाव्या लागल्या. अनेकींसाठी तो नुसता नोटा बदलण्याचा प्रश्न नव्हता. वर्षानुवर्षं जपलेला एकुलता एक आधार त्या दिवशी उघडा पडला. गृहिणींनी त्या काळात भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला त्यांची बचत मानावं, करपात्र उत्पन्न समजू नये, असा निकाल पुढे २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिली न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने दिला. बाईच्या डब्यातल्या पैशाला कायद्याच्या भाषेत मिळालेली ही मोठीच मान्यता.

हा पैसा जातो कुठे, याचा अभ्यास जगभर झाला आहे. ब्राझीलमधल्या कुटुंबांची आकडेवारी तपासून अर्थतज्ज्ञ डंकन थॉमस यांनी १९९० मध्ये दाखवलं, की श्रमाशिवायचं उत्पन्न बापाऐवजी आईच्या हातात आलं तर मुलं जगण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम जवळपास वीसपट असतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीचा भत्ता बापाच्या पगारातून काढून थेट आईला देणं सुरू झालं, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकामुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घर तेच, रक्कम तीच. हात बदलल्यावर खर्चाची वाट बदलली.

याचा अर्थ पुरुष बेफिकीर आणि बाई त्यागमूर्ती असा काढला तर दोघांवरही अन्याय होईल. बियाणं, खत, बैल, सावकाराचा तगादा, सोयऱ्याधायऱ्यांतला मानपान, हे सगळं पुरुषाच्या माथी येतं. तो मोठ्या रकमेत विचार करतो, कारण समाजाने त्याला मोठ्या रकमेचाच जाब विचारलेला असतो. बाई दहा-वीस रुपयांत विचार करते, कारण तिच्या हातात तेवढंच येतं आणि रात्री पोराच्या ताटात काय पडलं हे तिला विचारलं जातं.

धाडसाचंही तसंच. अमेरिकेतल्या ३५ हजारांहून अधिक कुटुंबांच्या शेअर व्यवहारांवर ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी २००१ मध्ये निबंध लिहिला. पुरुषांनी बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदी-विक्री केली होती आणि या उलाढालीने त्यांचा परतावा बायकांपेक्षा जास्त घटला होता. सावधपणा म्हणजे अज्ञान नव्हे, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

सावधपणाची गरज बीडकरांना वेगळी पटवून द्यायला नको. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेचे व्यवहार ठप्प झाले आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. जादा व्याजाच्या आशेने अनेक घरांनी म्हातारपणाची, लेकीच्या लग्नाची पुंजी तिथे ठेवली होती. इथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांना ते लागू नाही. ठेव ठेवायचा निर्णय घरात एकानेच घेतला आणि पावती कपाटात गेली, तर दुसऱ्याला हा प्रश्न विचारायची संधीच मिळत नाही.

नाव तिचं, पण कर्जावर

पीककर्जाला सातबारा लागतो. देशातल्या एकूण वहितीदारांत बायका किती, याचं उत्तर २०१५-१६ च्या कृषिगणनेत सुमारे १४ टक्के असं आहे. त्यामुळे शेतात राबणाऱ्या बहुसंख्य बायकांना बँकेच्या दारात शेतकरी म्हणून उभंच राहता येत नाही. तारण नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. तिथे मायक्रोफायनान्स कंपन्या येतात.

या कंपन्यांचा कर्जदार मुख्यतः बाईच. आठ-दहा जणींचा गट, एकमेकींची हमी, ठरलेल्या वारी हप्ता. बाई गाव सोडून जात नाही, चार बायकांत लाज जाईल म्हणून हप्ता चुकवत नाही, हा त्यामागचा हिशेब. पैसे घरात आले की ते बोअरला, मोटारसायकलला, जुन्या देण्याला किंवा दवाखान्याला जातात. फेडायची वेळ आली की वसुलीवाला तिच्या नावाने हाक मारतो. हंगामाला जाताना उचल त्याच्या नावावर आणि गटाचं लोन तिच्या नावावर, अशी दोन ओझी घेऊन एकच कोयता फडात उतरतो.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून या कर्जांसाठी नवी चौकट लागू केली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज यात येतं आणि घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत, असा दंडक आहे. मात्र उसाच्या उचलीची नोंद कुठल्याही पतमाहिती कंपनीकडे नसते. कागदावर कर्जमुक्त दिसणारं घर प्रत्यक्षात पाच महिन्यांची मजुरी आधीच गहाण टाकून बसलेलं असतं, हे कंपनीच्या संगणकाला कळत नाही.

पेटी, पासबुक आणि ठराव

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत जुना आणि टिकलेला प्रयत्न म्हणजे बचत गट. महिला आर्थिक विकास महामंडळ, अर्थात माविम, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम पाचशे गटांपासून सुरू केला. पुढे ‘उमेद’ अभियानाने गावोगावी गट बांधले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही या गटांची पंचसूत्री.

गटाचा हिशेब कागदावर किरकोळ दिसतो. बारा जणींनी महिन्याला शंभर रुपये काढले तर वर्षाला चौदा हजार चारशे. पण बैठकीत काय होतं ते पाहायला हवं. सतरंजीवर पेटी उघडते. कुणी किती भरले ते मोठ्याने वाचलं जातं. कुणाला पोराच्या फीसाठी पाच हजार हवे असतात, कुणाला शेळीसाठी दहा. कुणाची गरज आधी, यावर वाद होतो, ठराव लिहिला जातो, सह्या होतात. घरात जिला मोठ्या रकमेबद्दल कुणी विचारत नाही, ती इथे दुसरीच्या कर्जाला मंजुरी देते. व्याज किती, मुदत किती, हप्ता चुकला तर काय, हे शब्द तिच्या तोंडी रुळतात. आणि पैसे कुणाला लागले हे गटाला माहीत असल्यामुळे घरातही ते परस्पर दुसरीकडे वळवणं अवघड होतं.

दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांनी याच्याही पुढे पाऊल टाकल्याचं उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांतल्या अनेकींना सही येत नव्हती. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असं आव्हान त्यांनी दिलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला बँकेत यायला वेळ नसतो, म्हणून बँकच तिच्या पाटीपाशी जाऊन बचत गोळा करू लागली. बाईचा दिवस कसा जातो हे पाहून बँकेने आपली रीत बदलली, हे या बँकेचं खरं वेगळेपण.

मध्य प्रदेशात झालेल्या एका मोठ्या प्रयोगानेही हेच दाखवलं. रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७ ग्रामपंचायतींत रोजगार हमीच्या मजुरीचा अभ्यास केला. काही ठिकाणी बायकांची मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या खात्यात वळवली आणि खातं कसं वापरायचं याचं थोडं प्रशिक्षण दिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसतं खातं उघडून दिलेल्या बायकांपेक्षा, मजुरी थेट खात्यात येणाऱ्या आणि प्रशिक्षण मिळालेल्या बायका अधिक काम करू लागल्या. आणि ज्या आधी घराबाहेर फारशा कामाला जात नव्हत्या, त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. खात्यात स्वतःची कमाई येऊ लागली, तेव्हाच ते खातं जिवंत झालं.

पंधराशे रुपयांनी काय केलं

२८ जून २०२४ ला महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला पंधराशे रुपये. दोन कोटींहून अधिक बायका लाभार्थी ठरल्या. योजनेच्या राजकारणाविषयी आणि तिजोरीवरच्या ताणाविषयी वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण एका गोष्टीची नोंद घ्यावी लागेल. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, या अटीने वर्षानुवर्षं न उघडलेली पासबुकं कपाटाबाहेर निघाली. बायका रांगेत उभ्या राहिल्या, केवायसी म्हणजे काय ते विचारू लागल्या, महिन्याच्या महिन्याला शिल्लक पाहू लागल्या.

अडचणीही तिथेच उघड झाल्या. काही ठिकाणी किमान शिल्लक नाही म्हणून किंवा जुना हप्ता थकला म्हणून आलेली रक्कम कापली गेली आणि सरकारला बँकांना तसं न करण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारचीही मागणी झाली. जिचा नवराही नाही आणि बापही नाही, किंवा नवऱ्याने टाकलेलं आहे, तिची पंचाईत झाली आणि मुदत वाढवावी लागली. बाईचा पैसा थेट बाईला द्यायच्या योजनेतही तिची ओळख पुरुषाच्या नावाने पडताळली जाते, हे बीडसारख्या जिल्ह्यात फार टोचतं. इथे एकट्या राहणाऱ्या बायका संख्येने कमी नाहीत.

तो गेल्यावर

घरातल्या आर्थिक व्यवहारांपासून बाई दूर राहिली तर त्याची सर्वांत मोठी किंमत नवऱ्याच्या मृत्यूनंतर मोजावी लागते. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’ने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. घरावरचा हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के. नवऱ्याने कुणाकडून किती घेतलं होतं, कुणाला किती दिलं होतं, विमा होता की नव्हता, हे अनेकदा दारात आलेल्या देणेकऱ्यांकडूनच कळतं.

यावर महाराष्ट्राने पूर्वीच मार्ग दाखवला होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्याने राजीखुशीने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करायचा; शंभर जणांनी केला की ते लक्ष्मीमुक्ती गाव. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही निर्णय काढून नवरा हयात असताना त्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचं सहहिस्सेदार म्हणून नाव लावायची सोय केली. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. कायद्याची बाजू भक्कम आहे. तलाठी कार्यालयापर्यंत जाणारी पावलं मात्र कमी पडली, आणि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत अजून सुटलेली नाही.

काही कामं तर एका दिवसात होण्यासारखी आहेत. बँकेतल्या प्रत्येक खात्याला वारस नोंद, म्हणजे नॉमिनी, लावलेला आहे का ते पाहणं. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. बाईच्या खात्याला तिचाच मोबाइल नंबर जोडणं. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा घेता येतो; हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. ऊसतोडीसारख्या जोखमीच्या कामात हा विमा दोघांचाही हवा. आणि नवरा स्वतःच्या आयुष्याचा विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायकोच्या नावे काढू शकतो. पॉलिसी घेतानाच तसं नोंदवलं तर ती रक्कम बायकोचीच राहते. नवऱ्याच्या सावकाराला सहसा तिला हात लावता येत नाही. दीडशे वर्षं जुना हा कायदा कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरात आजही उपयोगाचा आहे.

तरीही बीडच्या डोंगरपट्ट्यातला मूळ प्रश्न घराबाहेर, कारखान्याच्या हिशेबात आहे आणि तो तिथेच सुटायला हवा. राज्य सरकारने २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही आहे. या नोंदणीत बाई स्वतंत्र कामगार म्हणून आली, तर बाळंतपणाच्या रजेपासून खाड्याच्या दंडापर्यंतच्या गोष्टी तिच्या नावाने मागता येतील. साखर कारखान्यांना १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याच्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर पंधरा टक्के व्याज लागतं. कुठल्या शेतातला किती टन ऊस कुठल्या दिवशी आला, याची वजनपावती कारखान्याकडे असते. तो ऊस कुठल्या टोळीने तोडला हेही नोंदलेलं असतं. त्या नोंदीत एका कोयत्यापुढे दोन नावं आणि दोन खाते क्रमांक लिहायचे, उचल द्यायची तर दोघांच्या सहीने द्यायची आणि टनाच्या ३६६ रुपयांतले १८३ थेट तिच्या खात्यात टाकायचे, यासाठी नवा कायदा लागणार नाही. पुढच्या हंगामाच्या करारात एवढं एक कलम घालावं, ही मागणी कारखाने, मुकादम आणि कामगार संघटना दराची बोलणी करायला बसतील तेव्हा टेबलावर असायला हवी.